मनाचे शब्द, मेंदूचे शब्द

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख लिहावा असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा विषय इतिहासाचाच घ्यावयाचा हे मनात निश्चित होते. छत्तीसगडातील मराठी माणसाचा इतिहास म्हटला, की भास्करपंतांची १७४१ सालची रतनपूरवरील स्वारी, बिंबाजी भोसल्यांचा कारभार आणि पुढे इंग्रजी अमलातील मराठी कारकून, शिक्षक व वकील या ठरलेल्या क्रमाने लेखणी आपोआप चालू लागते. हा इतिहास अशा स्मरणिकांतून वारंवार येऊन गेलेला आहे. प्रस्तुत लेखात थोडी वेगळी वाट धरली आहे. सनदा आणि स्वाऱ्या यांच्याप्रमाणे शब्दांनाही इतिहास असतो, आणि घरात मराठी, कचेरीत हिंदी व अंगणात छत्तीसगढी बोलणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना तो कधी कधी फार जवळून भोवतो. मन, मेंदू आणि माणसाची वाढ यांविषयीच्या शब्दांचा हा इतिहास आहे.

मी मानसशास्त्राचा किंवा वैद्यकाचा अधिकारी अभ्यासक नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्य घालविलेला कला शाखेचा एक पदवीधर, एवढीच माझी पात्रता. परंतु सरकारी नोकरीत एक गोष्ट पक्की शिकावयास मिळते. अर्जातील रकान्याला कोणते नाव दिले आहे, यावर अर्जदाराचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून असते. आजाराचेही तसेच आहे. दुखण्याला घरात जे नाव पडते, त्यावरून माणूस वैद्याकडे जाणार, देवऋषाकडे जाणार की माजघरातच बसून राहणार, हे बरेचसे ठरून जाते.

आरंभ एका साध्या गोंधळापासून करू. नव्या रायपूरच्या शाळेत हिंदी माध्यमात शिकणारा आपला नातू ‘पेशी’ म्हणतो, तेव्हा त्याला स्नायू अभिप्रेत असतो. महाराष्ट्रात शिकलेल्या त्याच्या आजीला ‘पेशी’ म्हटले, की सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा सजीवाचा मूळ घटक आठवतो. त्याला नातवाच्या पुस्तकात ‘कोशिका’ असे नाव आहे. उलट आजी ज्याला ‘स्नायू’ म्हणते, तो शब्द हिंदीत हाडे जोडणाऱ्या बंधाला लावतात, आणि बोलण्यात तर कित्येकदा मज्जातंतूलाही. म्हणजे ‘माझे स्नायू दुखतात’ असे आजीने सांगावे आणि ऐकणाऱ्याने ‘नसांचा विकार’ समजावा, अशी सोय होऊन बसली आहे. या वादात सुश्रुताला साक्षीला बोलाविले, तर तो बहुधा नातवाच्या बाजूने उभा राहील. सुश्रुतसंहितेत पेशी पाचशे व स्नायू नऊशे सांगितले आहेत, आणि तेथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा व स्नायू म्हणजे बांधणारा तंतू, असाच अर्थ आहे. मराठीने मधल्या काळात दोन्ही शब्दांची घरे बदलली.

वयाच्या शब्दांतही हाच प्रकार. कौमार पाचव्या वर्षापर्यंत, पौगंड दहाव्यापर्यंत व कैशोर पंधराव्यापर्यंत, अशी जुनी संस्कृत विभागणी आहे. मराठी मानसशास्त्राने ‘पौगंडावस्था’ हा शब्द उचलला, तो मात्र मिसरूड फुटण्याच्या वयासाठी. हिंदीने त्याच वयाला ‘किशोरावस्था’ म्हटले. शिकण्याच्या क्रियेला मराठीत ‘अध्ययन’ म्हणतात, हिंदीत ‘अधिगम’. आपले ‘मानसशास्त्र’ ते त्यांचे ‘मनोविज्ञान’, आपले ‘नैराश्य’ ते त्यांचे ‘अवसाद’, आपली ‘स्वमग्नता’ ती त्यांची ‘स्वलीनता’. आणि ‘शिक्षा’ या शब्दाने नव्याने बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाची केलेली फजिती सर्वांच्या परिचयाची आहेच.

हे असे का झाले, हे पाहावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

आपल्या भाषेतील मनाच्या शब्दांचा सर्वांत जुना थर आयुर्वेदाचा आहे. उन्माद आणि अपस्मार या दोन विकारांना चरकाने निदानस्थानात स्वतंत्र अध्याय दिले आहेत. ‘अपस्मार’ म्हणजे स्मृती निघून जाणे. झटका आलेल्या माणसाला त्या वेळचे काही आठवत नाही, हे निरीक्षण या नावातच गोठलेले आहे, आणि ते अचूक आहे. मन राहते कोठे, याविषयी मात्र एकमत नव्हते. चरकाचा कौल हृदयाला. भेलसंहितेने मनाचे स्थान मस्तक आणि टाळू यांच्या मधे सांगितले. विज्ञानाने भेलाच्या बाजूने निकाल दिला, परंतु मराठी वाक्प्रचारांना तो अद्याप कळविण्यात आलेला नाही; धस्स होते ते काळजातच. ‘अर्धांगवायू’ या नावात वातदोषाची कल्पना जिवंत आहे, म्हणून त्या रुग्णाला आजही आधी मालिशवाल्याकडे नेले जाते. वस्तुतः मेंदूची रक्तवाहिनी तुंबल्याने वा फुटल्याने हा विकार होतो. डाव्या मेंदूला इजा झाली, तर शरीराची उजवी बाजू लुळी पडते व बहुधा वाचाही जाते. वाचेचे हे स्थान ब्रोका या फ्रेंच वैद्याने १८६१ साली दाखवून दिले. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. नावातला वायू काढण्यात ते साडेचार तास गेले, तर पुढे करण्यासारखे फार थोडे उरते.

‘मज्जातंतू’ हाही अशाच जुन्या समजुतीचा वारस. हाडाच्या पोकळीत मज्जा असते, तशीच कवटीच्या पोकळीतही असणार, या विचारातून हे नाव आले. आज आपल्याला ठाऊक आहे, की मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात व त्या एकमेकींना विद्युत् आणि रासायनिक संदेश देतात. मज्जेशी त्यांचा काही संबंध नाही. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांनी म्हणून ‘चेतासंस्था’ म्हटले, मराठी विश्वकोशाने ‘तंत्रिका तंत्र’ म्हटले. घरोघर मात्र ‘मज्जातंतू’च राहिला, आणि मला तो आवडतो, हे कबूल करतो.

दुसरा थर मध्ययुगीन मराठीचा. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात गोविंदप्रभू होऊन गेले. महानुभाव पंथीयांचे ते परमेश्वरावतार. वाटेल तेथे शिरावे, वाटेल ते खावे, मनास येईल तसे बोलावे, असे त्यांचे वर्तन. गावचे लोक त्यांना ‘वेडे’ आणि ‘पिसे’ म्हणत व त्याच तोंडाने त्यांची कृपाही मागत. ‘पिसा’ हा शब्द पिशाचाशी नाते सांगतो. म्हणजे एकाच शब्दात भीती, अवहेलना व आदर या तिन्ही गोष्टी नांदत होत्या, आणि वेड्या माणसाला गावात जागा होती. त्या काळाचे गोडवे गावेत असा माझा हेतू नाही, कारण जागा असली तरी उपचार नव्हता. पण पुढे आलेल्या शब्दांत ती जागाही राहिली नाही.

तो तिसरा थर म्हणजे इंग्रजी कायद्याचा. १८५८ साली वेड्यांविषयीचे कायदे झाले, १८६४ साली नागपुरास वेड्यांचे इस्पितळ निघाले, आणि १८६१ पासून त्याच प्रांतात असलेल्या छत्तीसगडालाही नागपूर हेच मुख्य ठाणे होते. १९१२ च्या कायद्यात ‘ल्यूनॅटिक’ या शब्दाची व्याख्या ‘इडियट किंवा अस्थिर चित्ताची व्यक्ती’ अशी होती. ल्यूनॅटिक म्हणजे चंद्राने पछाडलेला. आमच्याकडची अमावास्या-पौर्णिमा आणि साहेबांचा चंद्र यांत डावे-उजवे करण्यासारखे काही नाही! इस्पितळांची गावेही शिव्या झाली. महाराष्ट्रात ठाणे व येरवडा, हिंदी मुलखात आग्रा व रांची. त्या गावांत लक्षावधी शहाणी माणसे राहतात, याचा विसर पडला.

हे शब्द केवळ इस्पितळापुरते राहिले नाहीत, ते लग्नाच्या मांडवातही आले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वधू-वरांपैकी कोणी ‘इडियट वा ल्यूनॅटिक’ नसावा, अशी अट होती. १९७६ च्या दुरुस्तीने ते शब्द गेले, पण वारंवार येणाऱ्या वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्मारही येऊन बसला. म्हणजे ज्या विकारात मेंदूतील विद्युत्संदेशांचा क्षणिक कल्लोळ होतो व जो बहुसंख्य रुग्णांत नियमित गोळ्यांनी आटोक्यात राहतो, त्याची कायद्याने वेडाच्या शेजारी मांडणी केली. १९९९ साली ‘अपस्मार’ हा शब्द त्या कलमातून काढण्यात आला. आपल्या मंडळाच्या वधू-वर मेळाव्यांत ही बातमी पंचवीस वर्षांनंतरही पुरती पोहोचलेली दिसत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवितो. फेफरे आलेल्या माणसाच्या नाकाला जोडा किंवा कांदा लावू नये, दातांत चमचा घालू नये. त्याला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, आणि झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला तर इस्पितळ गाठावे.

आता आपल्या गावाकडे वळू. रायपूरच्या सप्रे शाळेवरून येता-जाता तिच्या नावाचा विचार फारसा कोणी करीत नाही. माधवराव सप्रे हे १८७१ साली दमोह जिल्ह्यात मराठी घरात जन्मलेले. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदीचा पहिला मोठा वैज्ञानिक शब्दकोश करावयास घेतला, तेव्हा त्यातील अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम सप्रे यांच्याकडे होते. हा कोश १९०६ साली निघाला. त्यात भूगोल, ज्योतिष, गणित, भौतिक, रसायन, अर्थशास्त्र आणि दर्शन असे सात विषय होते. मानसशास्त्राला वेगळे दालन नव्हते. मनाचा विचार अजून दर्शनाच्या छत्राखालीच होत असे.

परंतु सप्र्यांचा या विषयाशी खरा संबंध आला तो पुढे, लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतर करताना. गीतारहस्याच्या सहाव्या प्रकरणात मन आणि बुद्धी यांच्या कामांची वाटणी सांगितली आहे. इंद्रियांनी आणलेली माहिती घेऊन संकल्प-विकल्प करणारे ते मन, आणि निर्णय देणारी ती व्यवसायात्मक बुद्धी. आजच्या मेंदूविज्ञानाला ही विभागणी जशीच्या तशी मान्य होणार नाही. पण मोह होणे व मोह आवरणे ही दोन निराळी कामे आहेत, हे त्यालाही मान्य आहे. आवरण्याचे काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो, आणि तो भाग पंचविशीच्या आसपास पुरता पिकतो. पौगंडावस्थेतील मुलांवर संतापणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. असो. मुद्दा हा, की एका मराठी माणसाने मनाचे हे सूक्ष्म शब्द मराठीतून हिंदीत नेले, आणि दोन्ही भाषांत ते एकच राहिले. संस्कृतचे कोठार एकच असल्याने त्यात त्याला अडचण पडली नाही.

हे कोठार एकत्र वापरण्याचा दुसरा प्रयत्न सरकारी होता. मध्यप्रांत व वऱ्हाड हा द्विभाषिक प्रांत, नागपूर ही राजधानी, आणि मुख्यमंत्री रायपूरचे वकील पंडित रविशंकर शुक्ल. डॉ. रघुवीर यांची संस्था फाळणीच्या सुमारास लाहोरहून नागपुरास आली होती. संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या जोडणीने वाटेल त्या कल्पनेला शब्द देता येतो, असा त्यांचा विश्वास, आणि त्यांच्या शब्दांचा साठा हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषांना पुरवावा, असा बेत होता. त्या शब्दांची पुष्कळ थट्टा झाली, त्यातील काही रास्तही होती. परंतु रायपूरच्या आणि नागपूरच्या कचेरीत एकच शब्द चालावा, ही कल्पना हास्यास्पद नव्हती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी तो प्रांत मोडला. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड मध्यप्रदेशात राहिले; डॉ. रघुवीरांची संस्था त्याच वर्षी दिल्लीस गेली. पुढे १९६० साली महाराष्ट्र सरकारचे भाषा संचालनालय झाले आणि १९६१ साली केंद्राचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग. दोन कचेऱ्या, दोन समित्या, दोन कोश. दोघांनीही संस्कृतच्याच कोठारातून शब्द काढले, पण एकमेकांस न विचारता. आजीच्या व नातवाच्या ‘पेशी’ची ताटातूट होण्यास जुन्या चालीबरोबर हे प्रशासकीय विभाजनही कारण आहे. छत्तीसगड राज्य २००० साली झाले, नवी राजधानी वसली, परंतु शब्द आयोगाचेच राहिले.

नागपूरचे एक ऋण मात्र या सीमारेषेने पुसले नाही. बुद्धिमापनाची पहिली व्यवहार्य कसोटी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने १९०५ साली तयार केली. तिचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले, व त्यावरील त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. ‘बिने-कामत चाचणी’ ती हीच. पुढे १९६९ साली नागपूरच्या डॉ. आर्थर मॅलिन यांनी वेक्स्लरच्या कसोटीवरून भारतीय मुलांसाठी बुद्धिमापनश्रेणी बसविली, आणि ‘व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी’चेही रूपांतर केले, जे आजही ‘नागपूर रूपांतर’ या नावाने ओळखले जाते. यातील ८९ बाबी पुस्तकी नाहीत. मूल आपल्या हाताने जेवते का, बटणे लावते का, रस्ता ओलांडते का, दुकानातून वस्तू आणते का, असे पाहावयाचे असते. बुद्ध्यंक १०० च्या आसपास म्हणजे सर्वसाधारण, ७० च्या खाली म्हणजे मदतीची गरज, ही मोजणी एकटी पुरत नाही. दैनंदिन व्यवहार येतो की नाही, हे त्याच्या जोडीला पाहावे लागते. बौद्धिक दिव्यांगतेच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारने २०१८ साली जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत या तिन्ही कसोट्यांची नावे आहेत. रायपूरच्या मुलाचे प्रमाणपत्र आजही अशा रीतीने नागपूरवरून येते, असे म्हणण्यास हरकत नाही.

मूळ व्हाइनलँड म्हणजे अमेरिकेतील न्यू जर्सीमधील एक शाळा. तेथील संशोधक गॉडर्ड यांनी १९१० साली ‘मोरॉन’ हा शब्द निव्वळ शास्त्रीय वर्गीकरणासाठी घडविला. इडियट, इंबेसाइल आणि मोरॉन या तीन पायऱ्या होत्या. आज तिन्ही शिव्या आहेत. आपल्याकडे ‘मतिमंद’ हा शब्द सौजन्याचा म्हणून आला आणि एका पिढीत शाळेच्या मैदानावर पोहोचला. १९९५ च्या कायद्यात ‘मानसिक मंदता’ होती, २०१६ च्या कायद्यात ‘बौद्धिक दिव्यांगता’ आली, आणि विकलांगतेचे प्रकार सातांचे एकवीस झाले. स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता हे त्यांतलेच दोन. नवा शब्दही झिजेल, यात मला शंका नाही. पण चाळीस टक्क्यांच्या त्या प्रमाणपत्रावर सवलती अवलंबून असतात, आणि आमच्या परिचयातील एका घरात आजीने ‘तो जरा हळू आहे’ या सोज्ज्वळ शब्दावर नातवाची सात वर्षे काढली. रकान्यात ‘हळू’ असा पर्याय नसतो.

नाव बदलल्याने काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण जपानचे आहे. ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव स्विस मनोवैद्य ब्लॉयलर याने १९०८ साली दिले. त्याचे शब्दशः भाषांतर मराठीत ‘छिन्नमनस्कता’, हिंदीत ‘मनोविदलता’, जपानीतही ‘मन फाटण्याचा रोग’ असेच झाले. त्यामुळे एकाच देहात दोन माणसे राहतात, असा गैरसमज पसरला. खरा आजार वेगळा. त्यात नसलेले आवाज ऐकू येतात, निराधार संशय पक्के होतात, उत्साह आणि भावना ओसरतात. हजारांत सुमारे सात जणांना आयुष्यात कधी तरी तो गाठतो. जपानने २००२ साली नाव बदलून ‘मनाची एकसंधता बिघडणे’ अशा अर्थाचे ठेवले. त्यानंतरच्या तीन वर्षांत, रुग्णाला आजाराचे नाव सांगितले जाण्याचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून सुमारे ७० टक्क्यांवर गेले. औषध तेच, वैद्य तेच. पण नाव उच्चारता येण्याजोगे झाले.

मराठी समाजात हे नाव उघडपणे उच्चारण्याचे काम कॅनडातील एका मराठी माणसाने केले. कॅलगरी विद्यापीठातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी आपल्या घरी आलेला हा आजार लपविला नाही. १९९७ साली त्यांनी पुण्यात रुग्ण आणि कुटुंबीय यांच्यासाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापली, आणि त्यांच्याच पाठबळाने सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली आला. त्यांनी ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द वापरला नाही, परका शब्दच ठेवला. भाषाशुद्धीचा अभिमानी असूनही, येथे मला त्यांचे बरोबर वाटते.

आपल्या या नव्या मुलखातील एका शब्दाविषयी दोन ओळी लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. छत्तीसगढीत वेड्याला ‘बइहा’ म्हणतात. त्यात कडवटपणा थोडा. पण ‘टोनही’ हा शब्द जीवघेणा आहे. गावातील एकाकी, विचित्र वागणाऱ्या किंवा केवळ नकोशा झालेल्या बाईला तो चिकटला, की तिचे हाल सुरू होतात. त्यासाठी छत्तीसगड सरकारने २००५ साली स्वतंत्र कायदा केला. जादूटोण्याविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१३ चा, हे पुरोगामीपणाचा अभिमान बाळगणाऱ्या आपण मराठी माणसांनी नमूद करून ठेवावे.

उलट मराठीने देशाला दिलेला वाढीचा शब्द म्हणजे ‘अंगणवाडी’. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. मुले शाळेकडे येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, हा ताराबाईंचा विचार. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्राला हेच नाव मिळाले. बस्तरच्या पाड्यातील ‘आंगनबाड़ी’ हा शब्द बोर्डीच्या किनाऱ्यावरून आला आहे, याची कल्पना तेथील सेविकेला नसते आणि पुष्कळदा आपल्यालाही नसते.

आता वार्धक्याकडे येतो, कारण मंडळाच्या सभासदांपैकी पुष्कळ जण, प्रस्तुत लेखकासह, त्या दिशेने निघालेले आहेत. ‘साठी बुद्धी नाठी’ ही आपली म्हण, आणि ‘म्हातारचळ’ हा आपला शब्द. दोन्हींत असे गृहीत आहे, की विस्मरण हा वयाचा धर्म. तो तसा नाही. चष्मा कोठे ठेवला ते विसरणे वयाचे. चष्मा कशासाठी असतो ते विसरणे आजाराचे. आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली अशा एका स्त्रीच्या मेंदूतील बदल दाखविले, आणि १९१० साली त्या आजाराला त्याचे नाव मिळाले. मराठीत ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द चांगला रुळला आहे. डॉ. मोहन आगाशे यांची भूमिका असलेला ‘अस्तु’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना निराळे सांगणे नको.

परंतु स्वभाषकांपासून दूर राहणाऱ्यांना येथे एक वेगळीच अडचण येते. आमच्या वसाहतीतील एका निवृत्त गृहस्थांना मुलाने तपासणीसाठी एका इस्पितळात नेले. नाव सांगण्याचे कारण नाही. शंभरातून सात वजा करीत जा, असे त्यांना हिंदीतून सांगण्यात आले. ही या तपासणीतील नेहमीची कसोटी आहे. ते म्हणाले, ‘त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी.’ तपासणाऱ्या तरुणाला ‘एकोणऐंशी’ हा आकडा असल्याचेच ठाऊक नव्हते. हिंदीत तो ‘उन्यासी’. महिना विचारला, तर ‘आश्विन’ म्हणाले. कागदावर दोन्ही उत्तरे चूक म्हणून लिहिली गेली. मुलाने कागद वाचला म्हणून बरे. दुसऱ्या दिवशी मराठी जाणणारी परिचारिका शोधून तीच तपासणी पुन्हा झाली आणि गुण वाढले. विस्मरण होते, पण कागद सांगत होता तितके नव्हते.

हा केवळ योगायोग नव्हे. दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसाची वाचा गेली, तर आधी कोणती भाषा परत येते, याचा विचार फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकातच झाला. रिबो याचे म्हणणे, सर्वांत आधी शिकलेली भाषा सर्वांत जास्त टिकते. पित्र याने १८९५ साली सांगितले, की सर्वांत सवयीची भाषा आधी परतते. दोघांचेही अपवाद पुढे पुष्कळ सापडले. तरी स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध माणसे मागाहून शिकलेली भाषा सोडून बालपणीच्या भाषेकडे वळतात, हे जगभर स्थलांतरित कुटुंबांनी पाहिले आहे. चाळीस वर्षे कचेरीत अस्खलित हिंदी बोललेला माणूस अखेरीस पाणी मराठीतच मागतो. भारतात हरियाणातील बल्लभगड येथे, निरक्षर खेडुतांनाही लागू पडेल अशी हिंदी तपासणी १९९५ साली तयार झाली, ती नेमकी ही अडचण ओळखून. रुग्णाची तपासणी त्याच्याच भाषेत व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात; ते मागून घेण्याचे काम नातेवाइकांचे.

याच विषयातील एक दिलासाही सांगतो. हैदराबादेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली दाखविले, की एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला. निरक्षरांतही हा फरक दिसला. घरी मराठी व बाहेर हिंदी, या ज्या दुहेरी ओढाताणीविषयी आपण मंडळाच्या सभांत तक्रार करीत आलो, ती मेंदूला व्यायाम देत होती, असा त्याचा अर्थ लावता येईल.

मंडळाच्या कार्यालयात रक्तगटांची वही आहे. तिच्या शेवटी काही कोरी पाने उरली आहेत. रायपूर व नवा रायपूर येथील इस्पितळांत मराठी जाणणारे डॉक्टर, परिचारिका व समुपदेशक कोणकोण आहेत, त्यांची नावे त्यांच्या संमतीने त्या पानांवर उतरवून ठेवावीत, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे दिली आहे. त्याच पानावर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही असावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या या सेवेत दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येते, आणि भाषांच्या यादीत मराठी आहे.